पेवाचं फूल एका दिवसाचं

उन्हं चढायच्या आत सानिकाला परसात पोचावं लागे. पेवाच्या लाल बोंडावर मुंग्या एकदा चढल्या की थेंब काही हाती लागत नसे. गाऊनवर ओढणी टाकायची, ड्रॉपर दातांत धरायचा, स्टूल चिखलात घट्ट रोवायचं आणि वर चढायचं. कारण पेव आता तिच्या डोक्याच्याही वर हातभर गेलं होतं.

तसं कोकणात पेव कुठेही उगवतं. ओहोळाच्या काठी, शेवाळलेल्या बांधावर, कुणी लावलं नाही तरी. पण त्याचं उभं राहणं काही वेगळंच. एका पानाच्या बाजूला थोडं वर दुसरं पान, त्याच्या बाजूला थोडं वर तिसरं, आणि या पानांच्या ओढीनं खोडसुद्धा वळत वळत वर जातं. दीपगृहाच्या आतला जिना बाहेरून दिसला असता तर असाच दिसला असता. पानाला खालून बोट लावलं तर मांजराच्या कानासारखी लव. टोकाला लाल खवल्यांचं बोंड. एकेका खवल्याआडून एकेक पांढरं फूल, चुरगळलेल्या तलम कागदासारखं. एका बोंडावर दिवसाला एकच. सकाळी उमलायचं, संध्याकाळी मान टाकायचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या खवल्याची पाळी.

ज्या खवल्याचं फूल उमललेलं असेल, त्याच्या पाठीवर त्या सकाळी एक गोडसर थेंब जमतो. रानातल्या पेवात तो मुंग्यांसाठी असतो. मुंग्यांनी तो खावा आणि बोंडाची राखण करावी, असा त्यांचा व्यवहार. सानिकाच्या परसातल्या पेवात तो थेंब किमूसाठी होता.

"आई, मुंग्यापण आजारी असतात का?" पडवीच्या पायरीवरून पाच वर्षांच्या किमूनं विचारलं. जिभेवर थेंब घेताना तिनं तोंड वेडंवाकडं केलंच.

"का गं?"

"मग माझं औषध का खातात?"

"त्यांना गोड लागतं."

"मला नाही लागत."

"तू मुंगी नाहीस ना."

"आहे मी मुंगी," म्हणून किमूनं तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला.

किमू, म्हणजे किमया, जन्मली तीच एका उणिवेसकट. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं स्टिरॉइड बनवतात. ताप आला, उलट्या झाल्या, कुठे आपटलं, की त्या ते जास्त सोडतात आणि शरीर तग धरतं. किमूच्या ग्रंथींना ते बनवताच येत नव्हतं. बाहेरून रोज दिलं तर ती इतर मुलींसारखी धावायची, चावायची. नाही दिलं तर तिचं रक्त मंदावत जाणार, साखर उतरणार, आणि एखाद्या साध्या तापात ती हातची जाणार. पूर्वी याच्या गोळ्या मिळत. पण इतक्या थोड्या मुलांसाठी इतक्या बारीक मात्रेच्या गोळ्या करणं परवडेना, म्हणून एकेका कारखान्यानं त्या बंद केल्या.

तेव्हा शास्त्रज्ञांनी पेवाकडे पाहिलं. पेवाच्या गड्ड्यात डायोसजेनिन मुळातच असतं. अशा कंदांतला तो पदार्थ काढून स्टिरॉइडची औषधं बनवायची रीत जुनीच होती, फक्त पुढचं सगळं काम कारखान्यात व्हायचं. या मंडळींनी ते काम करणारी जनुकं पेवातच बसवली. झाड स्वतःच कॉर्टिसॉलपर्यंत पोचू लागलं आणि ते खवल्यावरच्या थेंबात उतरू लागलं. रानातलं पेव पावसाळ्यातच फुलतं, हे बारमाही फुलेल असं त्यांनी केलं. दोन फुलांचे थेंब म्हणजे किमूचा एक दिवस. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉ. मणेरीकरांनी रोपं हातात देताना बजावलं होतं, "थेंब मोजलेला असतो. गड्डा नाही. गड्ड्यात ते किती साठतं याचा नेम नाही. गड्डा खायचा नाही, उगाळायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. दिलात तर रोपं परत घ्यावी लागतील."

आणि कुंपणापलीकडे आवडकाकी होती.

"गो सानिका, चेडवाचा तोंड कसा भरला बघ! आनी माज्या बाबल्याक बघ, नुसती हाडां." काकीनं कडेवरचा नातू वर धरून दाखवला. चार महिन्यांचा ईशान, सर्दीनं घुसमटलेला, सगळ्या वाडीचा बाबलो.

"वाढेल हो काकी. दात आले की धरेल अंग."

"दात येवंक हाडां तरी रव्हाक होयी मां! ता जाऊंदे. माका एक गड्डो दी."

सानिका स्टुलावरच थांबली. "काकी, हे साधं पेव नाही. रुग्णालयाचं आहे. देता येत नाही."

"रोपाक नाय म्हणतंस? शेजाऱ्याक?" काकीनं डोळे मोठे केले. "तुझी ती अबोली कोणाची? अळवाचो कांदो कोणी दिलो? तुझ्या सासूच्या काळापासून या वाडीत रोपाक नाय कोणी म्हटला हा काय?"

ते खरंच होतं. मीठ मागितलं तर कुरकुर करतील, पण रोप मागितलं तर माती लागलेलंच हातात ठेवतील, अशी त्या वाडीची चाल. नाही म्हणणाऱ्याच्या घरचं झाड वाढायचं थांबतं, असं सगळे मानत. सासू वारली होती, नवरा हर्षद बोटीवर. किमूला ताप भरला की रात्रभर उशाशी बसायला येई ती आवडकाकीच.

"शोभेला लावा हं नुसतं. काही करायचं नाही त्याचं," सानिका म्हणाली, आणि खाली उतरून तिनं कुदळीनं एक गड्डा सोडवून दिला.

"माका काय करूचा असा त्याचा? कुंपणाक लावतंय," काकी म्हणाली, आणि बहुधा त्या क्षणी तिच्या मनात तेवढंच होतं.

*

ईशानच्या उष्टावणाला वाडीतल्या सगळ्या बायका जमल्या. पाटावर, मामाच्या मांडीत बाळ बसलं होतं आणि जी ती त्याच्या गालाला हात लावून बोटं मोडत होती. तीन महिन्यांत पोर ओळखू येईना. गाल खाली ओघळलेले, मनगटाला वळ्या, सर्दी-खोकल्याचं नाव नाही.

"तेजल, काय देतंस गो ह्याका?"

"मी काही नाही हो. आईंची गुटी," बाळाची आई तेजल हसून म्हणाली. ती मूळची सावंतवाडीची, शाळेत शिकवायची, सासूच्या उगाळण्याची थट्टा करायची. पण आज तिच्या डोळ्यांतही कौतुक मावत नव्हतं.

"माझी आवस सुईण होती," काकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बाळश्याची गुटी आमच्या घरची. मागे लागशात तर सांगान."

सानिकाही पुढे झाली, बाळाच्या हातावर खुळखुळा ठेवला, आणि वाकल्यावर तिला ते दिसलं. गालांवर बारीक लव. तोंड नुसतं भरलेलं नाही, चंद्रासारखं गोल, आतून फुगवल्यासारखं. किमू दोन वर्षांची असताना एकदा थेंब जास्त होत होते, तेव्हा तिचं तोंड असंच झालं होतं. मणेरीकर मॅडमनी नुसतं बघून मात्रा उतरवली होती.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. सहाण धुवून उपडी घातली होती. शेजारच्या डब्यात मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा. आणि पेवाच्या गड्ड्याचा तुकडा, एका अंगानं झिजून गुळगुळीत झालेला.

"काकी, हे काय?"

मागून आलेली काकी जराही ओशाळली नाही. "दोन वेढे. नुसते दोन वेढे देतंय. तुझ्या चेडवाक चलता, मगे माझ्या बाबल्याक कित्या नाय?"

"तिला आजार आहे म्हणून चालतं! ह्याला काही नाही झालेलं. काकी, हे बंद करा. आजपासून. एकदम बंद."

"पण पोर बघ कसा—"

"बंद म्हणजे बंद. माझी शपथ आहे तुम्हाला."

काकीचा चेहरा आता उतरला. "डाक्टरीणीक इचारू काय गो?"

"नको," सानिका म्हणाली. फार पटकन म्हणाली. मॅडमना कळलं तर रोपं जातील, आणि रोपं गेली तर किमू. "विचारायचं काय त्यात? नुसतं बंद करा म्हणजे झालं. आणखी कुणाला दिलाय गड्डा?"

काकीनं बोटांवर तीन घरं दाखवली. रोप मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?

त्या तिन्ही घरी सानिका दुसऱ्या दिवशी जाणार होती. तिथली बाळं मोठी होती, ईशानइतकी गोलही झाली नव्हती. उद्या जाऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग किमूच्या शाळेचं काहीतरी निघालं, मग पाऊस लागला.

*

आषाढातला पाऊस अंगावर तापाची साथ घेऊन आला. आधी अंगणवाडीतली पोरं पडली, मग किमू. ताप आला की तिची मात्रा तिप्पट करायची, हे सानिकाला झोपेतही ठाऊक होतं. रोज सहा फुलं. पेवावर बोंडं सात होती. पावसात थेंब पातळ होत म्हणून ती फुलांवर छत्री बांधून ठेवी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तेजल ओरडतच आली. डोक्यावर इरलं नाही, छत्री नाही.

"सानिकाताई, ईशान बघ ना कसं करतोय! काल ताप होता, आज ताप उतरला म्हणून बरं वाटलं, तर आता डोळेच उघडत नाही. दूध घेतलं तेवढं सगळं उलटलं."

सानिका धावत गेली. बाळ काकीच्या मांडीवर होतं. पाय थंड. मांडीवरून हात उचलला तर तो तसाच खाली पडला. ओठांभोवती राखेचा रंग. आवडकाकी त्याच्या तळव्यांना सुंठ चोळत होती आणि देवाला काहीबाही बोलत होती.

सानिकानं हे पाहिलं होतं. किमू चाळीस दिवसांची असताना, आजाराला अजून नाव मिळालं नव्हतं तेव्हा, अगदी हेच.

"गाडी?"

"साकवावरनं पाणी जातंय," तेजल म्हणाली. "हे पलीकडे जीप घेऊन उभे आहेत. औषधाचं ड्रोन मागवलं, तर वारा पडेपर्यंत उडवत नाही म्हणतात. तू काहीतरी सांग ना. किमूला असं होतं तेव्हा तू काय करतेस?"

किमूला असं होतं तेव्हा सानिकाच्या फ्रिजमध्ये एक डबी असते. तीत एक इंजेक्शन असतं. पोटात काहीच ठरत नसेल तेव्हा मांडीत द्यायचं. एकच. मुदत संपली की रुग्णालय दुसरं देतं.

"आलेच," ती म्हणाली.

घरात शिरली तर किमू चटईवर उठून बसली होती, आणि तिच्या पुढ्यात उलटी.

"आई, थेंब बाहेर पडले," किमू अपराधी तोंडानं म्हणाली.

सानिकानं डबी काढली. डबी हातात घेऊन ती पायरीवर आली. समोर कुंपण, कुंपणापलीकडे काकीचं घर, वीस पावलांवर. पावसाच्या आडून तेजलचा आवाज येत होता, बाळाला हाका मारण्याचा.

मागे किमूला पुन्हा ओकारी आली.

फोन खिशात होता. मॅडमना लावला असता तर त्यांनी काय सांगितलं असतं हे तिला माहीत होतं. जे मूल आत्ता जातंय त्याला द्या, दुसरं अजून बोलतंय. म्हणूनच तिनं फोन लावला नाही. ती परत आत वळली. संध्याकाळसाठी वाटीत काढून ठेवलेले थेंब तिनं किमूला पाजले, तिला मांडीवर आडवं घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. डबी शेजारी. राहू दे पोटात. एवढे राहू देत, मग जाते. राहू देत.

भात शिजून निवायला लागतो तेवढा वेळ ती तशी बसली. किमूच्या कपाळाला घाम आला, श्वास सरळ झाला, ती झोपली. थेंब राहिले होते.

मग सानिका धावली. चपला न घालता, कुंपण ओलांडून. तिनं बाळाची मांडी पुसली, सुई टोचली, औषध आत सोडलं. मनात तिनं हे कितीदा केलं होतं. बाळानं एकदा तोंड वाकडं केलं. तेजल म्हणाली, "रडतोय! आई, रडतोय बघा!" पण तो रडत नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत ते संपलं.

"तापान न्हेला पोराक," जमलेल्या बायका म्हणाल्या. आणि आवडकाकीनं सानिकाचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. "आपल्या चेडवाचा औषध हाडलस गो बाय. कोण करता इतक्या?"

*

तीन दिवस सानिकानं कुणाशी बोलणं टाळलं. तेवढ्यात किमूचा ताप उतरला. चौथ्या दिवशी सकाळी तिला दिसलं की काकीच्या कुंपणातलं पेव जमिनीपासून छाटलंय. कोयत्याचे घाव आडवेतिडवे होते. रागात नाही, रडत रडत मारल्यासारखे. कुणीतरी काकीला सांगितलं होतं, की गुटीतल्या पेवानंच बाळ बाधलं. बाकीच्या तिन्ही घरांतली पेवंही उपटून ओहोळात सोडली होती. गुटी कालपासून बंद.

ईशानचीही अशीच एकदम बंद झाली होती. त्याच पावली सानिकानं मणेरीकर मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. गड्डा, गुटी, उष्टावण. पायरी तेवढी सोडून.

"बंद करायला कुणी सांगितलं त्यांना?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"सानिका, नीट ऐका. शरीराला बाहेरून आयतं मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून देतात. झोपतात. मग अचानक थांबवलं तर बाळाकडे बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही. त्यात ताप आला की... त्या बाळाला तुम्ही किमू करून ठेवलंत, आणि मग किमूचं औषध काढून घेतलंत. बाकीच्या तिघांचं आज तेच होतंय. थेंब सुरू करा, आत्ताच. प्रत्येकाला दिवसाचं एक फूल. मग दर आठवड्याला थोडं थोडं उतरवू. किती बोंडं आहेत?"

"सात होती. पावसानं तीन कुजली."

"म्हणजे चार फुलं. तिघांची तीन." मॅडम थांबल्या. "आणि किमूला दोन लागतात."

"हो."

"वारा पडला की पहिलं ड्रोन तुमच्याकडे पाठवते. दोन दिवस लागतील, कदाचित तीन. तोवर किमूला दमवू नका, ताप येऊ देऊ नका. मीठ-साखरेचं पाणी द्या." आणि मग, जरा मऊ आवाजात, "नंतर रोपं आम्हाला न्यावी लागतील. तिच्यासाठी दुसरी काही सोय बघू. बघू."

सानिका घरोघरी गेली. तुमचं बाळ धडधाकट दिसतंय, तरी त्याला औषध लागणार, हे पटवणं सोपं नव्हतं. "तूच आवडकाकीक म्हणालंस मां बंद करा म्हणान?" एकीनं तोंडावर विचारलं. दुसरीनं दार लावलं आणि मग बाळ सकाळपासून दूध घेईना म्हणून परत उघडलं. सानिकानं सगळ्यांना एकच सांगितलं. मी चुकीचं सांगितलं. ईशान त्यानंच गेला. आजचे थेंब मुंग्यांनी नेले. उद्या उजाडताच माझ्या परसात या.

*

आल्या. तिघीजणी, कडेवर तीन गोबरी बाळं, पावसाची भुरभुर. स्टूल आदल्या दिवसापासून तिथंच होतं. सानिका वर चढली. चार बोंडं, चार फुलं. पानांवर पाणी होतं, खवल्यांवर अजून मुंग्या नव्हत्या. तिनं एकेक थेंब ओढून चार छोट्या वाट्यांत घातला. प्रत्येकीच्या वाटणीला एक, किमूला एक.

खाली उतरली तर तिघींच्या मागे तेजल उभी होती. कपाळ मोकळं, केस विस्कटलेले. कुडत्याच्या छातीवर दोन ओले डाग. दूध अजून आटलं नव्हतं. तिघींनी तिला वाट दिली. किमू पायरीवर बसून मीठ-साखरेचं पाणी पीत होती. कालपासून ती धावली नव्हती.

"सासूबाईंनी सांगितलं मला," तेजल म्हणाली. "तू काय घरोघर सांगितलंस ते."

सानिकानं वाट्या परसातल्या पाट्यावर ठेवल्या.

"ते सांगितलंस. बाकीचं नाही सांगितलंस." तेजलचा आवाज वर्गात बोलावा तसा सरळ होता. "मी खिडकीत होते. तू पायरीवर आलीस, डबी तुझ्या हातात होती. मला वाटलं, आली. मी ईशानला सांगितलंसुद्धा, मावशी आली बघ. मग तू आत गेलीस."

एक बाळ कुरकुरलं, त्याच्या आईनं त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"तेजल—"

"काही सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला कळेल, आणि मला कळून घ्यायचं नाही."

ती पुढे आली. वाट्या ठेवल्या होत्या त्या पाट्याशी बसली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बोट लावलं नाही. मग म्हणाली, "किमूला किती लागतात?"

"दोन."

"इथे तर एक आहे."

"एकच उरतं."

तेजलनं किमूकडे पाहिलं. किमूनं तिला हात हलवून दाखवला. ईशान गेला म्हणजे काय ते तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

"आधी तिला दे," तेजल म्हणाली. "सगळ्यांच्या आधी. इथे सगळ्यांच्या समोर दे, मी बघते."

सानिकानं किमूची वाटी उचलली. ड्रॉपर आत बुडवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. परसातल्या चौघी बायका तिच्या हाताकडे बघत होत्या, आणि किमूनं, रोजच्यासारखं, तोंड वेडंवाकडं करून जीभ बाहेर काढली.